कामासाठी नव्हे, आवडते म्हणून

गेल्या महिन्यात घाटकोपरला आमच्या गटाची बैठक होती. विषय संपले, चहा आला, तेव्हा मी सहज सांगून टाकले, की मी मोटारसायकल घेते आहे. स्कूटर नाही, मोटारसायकल. आणि तीही बुटकी, लांब, पाय पुढे ठेवून ऐसपैस बसायची, क्रूझर म्हणतात ती. क्षणभर कुणीच काही बोलले नाही. मग एकीने विचारले, "कशाला गं?" दुसरी म्हणाली, "तुला झेपणार आहे का?" तिसरीने हिशेब मांडला, "एवढ्या पैशांत दोन स्कूटर येतील." आणि आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्या, ज्यांचे बोट धरून मी वस्तीत काम करायला शिकले, त्या शांतपणे म्हणाल्या, "आपण चंगळवादावर शिबिरं घेतो, एवढं लक्षात ठेव."

मी घाईघाईने कारणे द्यायला लागले. माझे घर मुलुंडला, काम अंधेरी पूर्वेच्या वस्त्यांत. रात्री-अपरात्री फोन येतो, पोलीस ठाण्यात जावे लागते, रिक्षा मिळत नाही. माना डोलल्या. "हां, मग ठीक आहे, कामाला उपयोगी पडेल," असे म्हणून सगळ्यांनी मला मोकळे केले.

घरी जाताना मला माझीच लाज वाटली. कारण मी खोटे बोलले होते. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने अंधेरी, हा माझा रोजचा रस्ता आहे आणि तो बरा चालला आहे. रात्रीच्या कामासाठी साधी स्कूटरही पुरेल. मला ही गाडी हवी आहे, कारण ती मला आवडते. मी कॉलेजात असताना आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने ॲव्हेंजर आणली होती. मी गॅलरीतून ती बघत असे. मुलगा कसा होता ते आज आठवत नाही, गाडी आठवते. इतकी साधी गोष्ट मला आपल्याच मैत्रिणींपुढे सांगता आली नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली, गेली बारा वर्षे बायकांना 'मन मोकळं करा' म्हणून सांगणारी बाई. मग बाकीच्यांचे काय होत असेल?

मैत्रिणींनो, हा प्रश्न मोटारसायकलपुरता नाही, म्हणूनच इथे लिहिते आहे.

गरजेचा रकाना

बाईची गरज आपल्याला समजते. तिच्या आवडीपाशी मात्र आपण अडखळतो. आमच्या संस्थेच्या अर्जांत शिलाई मशीन 'घर चालवण्यासाठी' असते, सायकल 'मुलीच्या शिक्षणासाठी' असते, स्कूटर 'मुलांना शाळेत सोडण्यासाठी' असते. अर्ज मीच भरून देते. त्यात 'गरज' असा रकाना असतो. 'आवड' असा रकाना मी आजवर कुठल्याच अर्जात पाहिलेला नाही. बाईने काही मागायचे तर ते मुलांसाठी, घरासाठी किंवा कामासाठी. स्वतःसाठी मागितले, की ती चैन.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की या शहरात रस्त्यावर दिसणाऱ्या बाईला आपण काहीतरी कामासाठी बाहेर पडलो आहोत, हे सतत दाखवावे लागते. पुरुष नाक्यावर नुसता उभा राहू शकतो. बाई हातात पिशवी धरते, मोबाइल कानाला लावते, घाईने चालते. वाचताना मला वाटले, गाडीचेही असेच आहे. स्कूटर म्हणजे हातातली पिशवी. 'मी कामाला चालले आहे' असे ती आपल्या वतीने सांगत असते. पायाशी सामान ठेवायला जागा, मागे मूल, पुढे भाजी. क्रूझर असे काहीच सांगत नाही. ती फक्त एवढेच सांगते, की हिला गाडी चालवायला आवडते.

गाडी कुणासाठी?

ज्यांना यातले माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रूझर म्हणजे सीट खाली असलेली, हँडल चालवणाऱ्याकडे वळलेले, फूटरेस्ट पुढे सरकवलेले, आणि त्यामुळे पाठ ताठ ठेवून निवांत बसता येईल अशी मोटारसायकल. तिचे इंजिन कमी वेगातही ओढ देईल असे बांधलेले असते. शर्यत लावणे हे तिचे काम नव्हे. अमेरिकेतल्या लांबलचक सरळ रस्त्यांवर हा प्रकार वाढला. आपल्याकडे बजाजने कावासाकीच्या साथीने २००१ साली एलिमिनेटर आणली, २००५ साली तिचीच ॲव्हेंजर झाली. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड २००२ ची आणि मीटिओर ३५० ही नोव्हेंबर २०२० ची. बुलेटला काटेकोरपणे क्रूझर म्हणता येत नाही, तिच्यावर पाय खाली ठेवून ताठ बसतात. पण आपल्या बोलण्यात मोठी आणि धडधडणारी ती सगळी बुलेटच.

या गाड्या कुणासाठी, याविषयी बाजाराने कधी आडपडदा ठेवला नाही. २००१ साली पल्सर आली ती 'डेफिनिटली मेल', म्हणजे नक्कीच नर, अशी जाहिरात करीत. गाडीला लिंग असते हे आपल्याला तेव्हा कळले! पुढे काही वर्षांनी हीरो होंडाची प्लेझर आली. सगळी मजा मुलग्यांनीच का करायची, असे तिची जाहिरात विचारत होती. प्रश्न छान होता, पण मुलींच्या वाट्याला आलेली मजा बिनगिअरची होती. आणि गंमत बघा, पल्सर बनवणाऱ्या त्याच बजाजची डॉमिनार ही ४०० ची दांडगी मोटारसायकल २०१६ साली आली, तेव्हा चाकणच्या कारखान्यात तिची जुळणी बायकांचा चमू करीत होता. म्हणजे नट-बोल्ट आवळायला आपले हात चालतात.

कायद्याच्या डोळ्यांतही आपण मागेच बसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकावर निम्मेअधिक आच्छादन हवे. त्यालाच आपण 'साडी गार्ड' म्हणतो. नियम चांगला आहे, त्याने जीव वाचतात. पण साडी नेसलेली बाई मागेच बसलेली असणार, हे आपण सगळ्यांनीच किती सहज धरून चालतो!

चालवणाऱ्या बायका नव्हत्या असे मुळीच नाही. अमेरिकेत १९१६ साली ऑगस्टा आणि ॲडलाइन व्हॅन ब्युरेन या बहिणींनी मोटारसायकलींवर देश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार केला. बाया सैन्यात निरोप पोचवण्याचे काम करू शकतात, हे त्यांना सिद्ध करायचे होते. वाटेत त्यांना पँट घातली म्हणून अटक झाली. बेसी स्ट्रिंगफील्ड ही कृष्णवर्णीय बाई १९३० च्या दशकात एकटी अमेरिकाभर मोटारसायकलवर फिरत होती. आपल्याकडे २०११ साली पुण्याच्या उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी 'बायकर्नी' ही फक्त बायकांची मोटारसायकल संघटना काढली. २०१८ च्या प्रजासत्ताक दिनी सीमा सुरक्षा दलाच्या 'सीमा भवानी' पथकाने राजपथावर बुलेटवरच्या कसरती केल्या, त्या आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. यातल्या पुष्कळ जणींना काहीतरी सिद्ध करून दाखवायचे होते, आणि त्याचे मोल मी जाणते. मला मात्र काहीच सिद्ध करायचे नाही. नुसते चालवायचे आहे. तेवढ्यासाठी जागा आहे का?

आपल्या मापाची

पहिल्यांदा शोरूममध्ये गेले ती भावाला घेऊन. तीच चूक झाली. विक्रेता पाऊण तास त्याच्याशी बोलत होता. "दादा, मॅडमना वजन जड जाईल," असे तो माझ्यासमोर माझ्याविषयी त्याला सांगत होता. भावाला मोटारसायकल येतसुद्धा नाही! शेवटी आम्हाला स्कूटरच्या रांगेकडे नेऊन एक फिकट गुलाबी दाखवली. दुसऱ्या वेळी मी बोरिवलीच्या माझ्या मैत्रिणीबरोबर गेले. ती नर्स आहे, गेली सहा वर्षे मोटारसायकल चालवते. तिने मला जाण्याआधी घरी मापे घ्यायला लावली आणि तिथेच मला खरी गंमत कळली.

आपल्या देशातल्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. मी पाच फूट एक इंच. आता सीटची उंची बघा. क्लासिक ३५० ची ८०५ मिलिमीटर, होंडाच्या हायनेस ३५० ची ८००, हंटर ३५० ची ७९०. मीटिओर ३५० ची मात्र ७६५ आणि ॲव्हेंजरची ७३७. म्हणजे जाहिरातीत सर्वांत मर्दानी म्हणून मिरवणारी गाडी प्रत्यक्षात बुटक्या बाईच्या मापाला सर्वांत जवळची! आपल्याला इतकी वर्षे 'ही बायकांची गाडी नाही' म्हणून सांगितले ते डोळ्यांनी बघून. टेप लावून कुणी पाहिलेच नाही.

निवड करणाऱ्या मैत्रिणींसाठी मला उमगलेल्या चार गोष्टी लिहिते.

माप असे घ्यावे. पायांत रोजचे बूट घालून भिंतीला पाठ लावून उभे राहावे. एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये वर घट्ट धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. हा आकडा सीटच्या उंचीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी आला तरी बिघडत नाही, सीट वजनाने दबते. पण सीटची रुंदीही बघावी. रुंद सीटवर पाय फाकतात आणि तेवढी उंची वाया जाते. ॲव्हेंजरवर माझे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. मीटिओरवर टाचा थोड्या उचलल्या जातात, पण गाडी ताब्यात राहते.

वजनाचा बागुलबुवा सर्वांत मोठा. ॲव्हेंजर २२० चे वजन १६३ किलो, मीटिओरचे १९१, आणि मोठ्या सुपर मीटिओर ६५० चे २४१. आकडे ऐकून छाती दडपते. पण क्रूझरचे वजन खाली असते, चालू गाडीवर ते जाणवत नाही. जाणवते ते पार्किंगमध्ये, इंजिन बंद असताना मागे ढकलताना. म्हणून शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर न थांबता गाडी बाहेर उतारावर नेऊन पाय टेकत मागे घेऊन पाहावी. पडलेली गाडी उचलायची युक्तीही शिकून घ्यावी. गाडी बंद करायची, गाडीकडे पाठ करून सीटला टेकून बसायचे, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची दांडी धरायची, आणि हातांनी न ओढता पायांच्या जोराने एकेक पाऊल मागे रेटत उभे राहायचे. पाण्याचे हंडे उचलणाऱ्या बायांना हे शिकवायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट पायांची आणि पाठीची. पाय पुढे असले की सरळ रस्त्यावर सुख वाटते, पण खड्डा आला तर फूटरेस्टवर उभे राहून धक्का वाचवता येत नाही, तो थेट माकडहाडाला बसतो. आपल्या उपनगरांतले पावसाळ्यातले रस्ते मी वर्णन करायला नको. पाठीचे दुखणे असलेल्यांनी याचा विचार करावाच. लांब गाडी गल्लीत वळायलाही जागा घेते. आणि क्लच किती जड आहे ते बघावे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर संध्याकाळी सात वाजता डावा हात जे सांगेल, ते माहितीपत्रकात लिहिलेले नसते. टेस्ट राइडसाठी शोरूमची ठरलेली फेरी नको म्हणा. मी एल.बी.एस. मार्गावर, भर गर्दीत मागितली, आणि मिळाली.

चौथी गोष्ट लायसन्सची. बिनगिअरच्या गाडीचे लायसन्स मोटारसायकलला चालत नाही. शिकाऊ परवाना काढून तीस दिवसांनी चाचणी देता येते. मी पहाटे साडेपाचला मुलुंडच्या एका मैदानाबाहेरच्या रस्त्यावर शिकले. पहिल्या आठवड्यात अकरा वेळा गाडी बंद पडली. फिरायला आलेले काका-आजोबा उभे राहून सल्ले देत. दुसऱ्या आठवड्यात त्यांना कंटाळा आला.

एवढी मापे घेतल्यावर दोन गाड्या उरल्या, आणि तिथून पुढे टेप कामाचा नव्हता. आता मला काय आवडते, हे मला ठरवायचे होते. खरे सांगते, हे सर्वांत कठीण गेले. रंग कोणता, असे विक्रेत्याने विचारले तेव्हा मी नकळत भावाला फोन लावला होता. तो म्हणाला, "काळा घे, मळत नाही." पुन्हा उपयोगच! घरातला पंखा, पडदे, माझे कॉलेज, सगळे कुणीतरी 'चालेल ना?' विचारून ठरवलेले, आणि मी 'चालेल' म्हटलेले. आवड ही उपजत असते असे आपण समजतो. मला वाटते, तिलाही सराव लागतो, आणि तो आपल्याला मिळतच नाही.

मी चार रविवार गाड्या बघण्यात घालवले. हळूहळू कळत गेले. मला वाटले होते मला धडधडाट आवडतो. तसे नाही. मला हळू, खोल आवाज आवडतो, ज्यात माझे विचार मला ऐकू येतात. चकचकीत क्रोम आवडत नाही. वेगाची हौस नाही, पण चढावर गिअर न बदलता गाडी ओढत नेते तेव्हा आनंद होतो. बोरिवलीच्या मैत्रिणीला हे सगळे म्हातारपणाचे वाटते. तिला पुढे झुकून बसायचे असते, गर्दीतून सुळकन निघायचे असते. तिने हंटर घेतली आहे. आम्ही यावर भांडतो. बायका साडीच्या काठांवरून भांडतात हे सर्वांनी पाहिले आहे. दोन बायका हँडलच्या उंचीवरून भांडताना मला फार बरे वाटले.

पाडवा आणि दुसरा दिवस

कुणी म्हणेल, आता काळ बदलला, बायका बुलेट चालवतातच की. पाडव्याला बघा. खरे आहे. डोंबिवलीत १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि तिथून ती प्रथा गिरगाव, ठाणे आणि आमच्या उपनगरांत पसरली. नऊवारी, नथ, फेटा आणि खाली बुलेट, हा फोटो दर वर्षी पेपरात येतो. मीही मुलुंडला रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवल्या आहेत. त्या दिवशी पोरींच्या चेहऱ्यावर जे तेज असते ते खोटे नसते.

पण दोन वर्षांपूर्वी मी त्यांतल्या काही जणींशी बोलले. गाडी कुणाची, असे विचारले. दादाची, नवऱ्याची, काकांची, मंडळातल्या एका मुलाची. बारा जणींत दोघींची स्वतःची होती. "एरवी चालवतेस का?" यावर एक हसून म्हणाली, "ताई, एरवी कोण देतंय?" संस्कृतीच्या नावाने एक दिवस जे कौतुकाचे, ते दुसऱ्या दिवशी आगाऊपणाचे होते. शिवाय त्या कौतुकात फेट्याने डोके वाचत नाही, हेही कुणी त्यांना सांगत नाही. हेल्मेट हे मोटारसायकलचे पहिले खर्चाचे कलम आहे, मागे बसणारीसाठीसुद्धा. त्यात मी तडजोड मानत नाही.

मिरवणूक हवीच. पण मला तिच्यापेक्षा पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाची काळजी अधिक आहे. किल्ली त्या दिवशी कुणाच्या खिळ्याला टांगलेली असते?

आर.सी. कुणाच्या नावावर?

आमच्या समुपदेशन केंद्रात आलेली एक ताई. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने स्कूटर दिली, सगळ्या नात्यात कौतुक झाले. हप्ते तिच्या पगारातून जात, गाडी त्याच्या नावावर होती. भांडण झाले की तो किल्ली खिशात घालून कामाला जाई. ती केंद्रात आली तेव्हा आम्ही मारहाणीबद्दल विचारत होतो, आणि ती पुन्हापुन्हा किल्लीबद्दल बोलत होती. मला त्या वेळी ते क्षुल्लक वाटले होते. आज वाटत नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याने आर्थिक छळ हा हिंसाचारच मानला आहे, आणि स्त्रीधन व तिची इतर मालमत्ता तिला परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. पण त्यासाठी वस्तू आपली आहे, हे दाखवावे लागते. म्हणून मैत्रिणींनो, स्कूटर असो की मोटारसायकल, आर.सी. आपल्या नावावर हवी, हप्ते आपल्या खात्यातून जायला हवेत, पावत्यांची एक प्रत माहेरी किंवा मैत्रिणीकडे हवी. कर्ज फिटले की बँकेचा ना-हरकत दाखला घेऊन आर.सी.वरचा बोजा उतरवून घ्यावा. मला कर्ज देताना बँकेतल्या माणसाने "मिस्टर काय करतात?" असे विचारले. मी अविवाहित आहे म्हटल्यावर "मग वडील?" असे विचारले. माझी पगाराची पावती त्याच्या समोरच होती.

पैशांचेही एक सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यापुढच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. त्यामुळे ३४९ सीसीची गाडी आणि तिच्याहून थोडी मोठी गाडी यांत आता बरेच अंतर पडते. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरावा लागतो, तो ऑन-रोड किमतीत धरावा. आवडीलाही हिशेब लागतो. हिशेब करता येणे आणि हिशेबाच्या नावाखाली आवड गुंडाळून ठेवणे, यांत फरक आहे एवढेच.

चंगळवाद?

आता ज्येष्ठ ताईंच्या प्रश्नाकडे येते. तो मी टाळणार नाही, कारण तो प्रामाणिक आहे. ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्या बायका बेस्टच्या बससाठी तासभर उभ्या राहतात, आणि कार्यकर्तीने दोन लाखांच्या वर खर्च करून गाडी घ्यावी का? मोटारसायकल पेट्रोल खाते, धूर सोडते. तिने कुणाची मुक्ती होत नाही. हे सगळे मला मान्य आहे. बससाठीची आपली लढाई माझ्या गाडीमुळे तसूभरही कमी होत नाही आणि होऊ नये. लोकलने येणेजाणे मी सोडणारही नाही.

पण मला तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईची आठवण होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्याविषयी लिहिले आहे. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच पसंत पडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते. म्हणजे 'पुरुषांची' वस्तू त्यांनी आपल्या कारणासाठी निवडली. त्या बायका सायकलचे फायदे सांगत, पण आनंदही सांगत. आपण अहवाल लिहिताना फायदे तेवढे उतरवून घेतो. आनंदाला आकडा नसतो, म्हणून तो गळून जातो.

चंगळ म्हणजे बाजाराने लावलेली भूक. शेजारणीकडे आहे म्हणून हवे, जाहिरातीत आहे म्हणून हवे. आवड त्याच्या उलट जाते. बाजाराने माझ्यासाठी गुलाबी स्कूटर ठरवली होती. ती नाकारून, चार रविवार घालवून, मला काय हवे ते मी शोधले. मग एकच गाडी घेतली, ती मी पंधरा वर्षे वापरीन. आणि आणखी एक विचारते. आपल्या चळवळीतल्या पुरुष साथींनी बुलेट घेतली तेव्हा आपण त्यांना शिबिराची आठवण करून दिली होती का? त्यांची ती हौस, आणि माझी ती चंगळ?

ताईंना मी हे सगळे फोनवर सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुझं सगळं मला पटलेलं नाही. पण मला लहानपणी तबला शिकायचा होता. उपयोग काय, म्हणून राहिलं." त्यांच्याबरोबर मी बारा वर्षे काम करते आहे, आणि हे मला माहीत नव्हते.

गाडी आली. मीटिओर, गडद लाल, नंबर एम.एच. ०३ चा. आईने चाकाखाली लिंबू ठेवले, हळदकुंकू लावले आणि मग हळूच विचारले, "मागे बसायला जमेल का गं मला?" पुढच्या रविवारी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीपर्यंत जायचे ठरले आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, आणि आम्हाला घाईही नाही. आईसाठी वेगळे हेल्मेट आणले आहे. खोपोलीला काम काय, असे शेजारच्या काकूंनी विचारले. आई म्हणाली, "काही नाही."

आपापल्या गटात एकदा एवढाच विषय घेऊन बसा. प्रत्येकीने एक गोष्ट सांगायची, जी तिला हवी होती, आणि 'कशाला?' या प्रश्नाला उत्तर नव्हते म्हणून राहून गेली. तबला, पोहणे, एकटीने प्रवास, काहीही. कारण सांगायचे नाही, हा एकच नियम. आणि मग त्यातले कुणाचे काय सुरू करता येईल, ते बघा.